सोनकी नाही ती, कॉसमॉस आहे

गणपती गेले की आमच्या सगळ्या ग्रुपवर एकच फोटो फिरायला लागतो. टेकडीचा उतार, कंबरेएवढी पिवळी-केशरी फुलं, त्यात कोणाची तरी मुलगी दोन्ही हात पसरून उभी आणि खाली लिहिलेलं, "सोनकी फुलली! आता कासला जायची गरजच नाही". गेल्या वर्षी हा फोटो मला एका दिवसात चार जणांकडून आला, चौघंही शिकलेले, टेकडीवर रोज जाणारे, झाडांवर मनापासून प्रेम करणारे. चौघांनाही मी तेच लिहिलं की अहो ही सोनकी नाही, हा कॉसमॉस आहे, मूळचा मेक्सिकोकडचा, आणि आपल्या टेकडीवर तो एवढा माजलाय ही आनंदाची गोष्ट नाही. त्यातल्या एका काकांचं उत्तर आलं, "असू दे की, छान दिसतंय ना."

मला या "छान दिसतंय ना" बद्दलच लिहायचंय, कारण माझ्या मते पुण्याच्या टेकड्यांचं सध्या जे नुकसान चाललंय त्यातलं बरंचसं या एका वाक्याच्या आड चाललंय.

आधी ओळख करून घेऊ, कारण ओळखच चुकली तर पुढचं सगळं बोलणं वाया. आपली सोनकी म्हणजे सिंहगड, राजगड, तोरणा, कास, कुठंही पाऊस ओसरताना उतारावर पिवळा गालिचा पसरतो ना, ती. फार उंच नसते, गुडघ्याच्या आसपास. फूल साधारण रुपयाच्या नाण्याएवढं, अरुंद पाकळ्यांचं आणि पिवळंधमक, केशरी कधीच नाही. पान अख्खं, कडेला दाते, आणि पानं खोडावर एकाआड एक येतात. कॉसमॉस, म्हणजे कॉसमॉस सल्फ्युरिअस, छातीपर्यंत जातो, कधी डोक्याच्याही वर. फूल मोठं, पाकळ्या रुंद, बहुतेक वेळा आठ, आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला कात्रीने कातरल्यासारखे तीन दात. रंग पिवळ्यापासून गडद नारिंगीपर्यंत, एकाच उतारावर सगळ्या छटा. पानं समोरासमोर, आणि झेंडूच्या पानासारखी चिरलेली, फाटलेली. मावळात भाद्रपद-आश्विनात शेतंच्या शेतं पिवळी दिसतात तो तिसराच, तो कारळा, ज्याची आपण चटणी करतो. त्याचं फूल लांबून कॉसमॉससारखं वाटतं खरं, पण पान अख्खं असतं आणि तो शेतात पेरलेला असतो, टेकडीवर पळालेला नसतो.

पण माझं म्हणणं असं आहे की फुलावरून ओळखायला शिकून फारसा उपयोगच नाही. फूल आलं म्हणजे उशीर झाला. जुलैच्या मध्याला, चार-सहा चांगले पाऊस झाले की टेकडीवर जाऊन खाली वाकून बघा, वीतभर उंचीची रोपं दाटीवाटीने उगवलेली दिसतील, समोरासमोर पानं, चिरलेली, हिरवीगार. गाजर गवताचं कोवळं रोप पण चिरलेल्या पानाचं असतं, पण ते सुरवातीला जमिनीला चिकटून गोल पसरतं, जरा राखाडी, लवदार. कॉसमॉस पहिल्यापासून सरळ वर निघतो. पावसानंतर माती ओली असताना खोडाला धरून ओढलं की मुळासकट अल्लद हातात येतो, जोर सुद्धा लावावा लागत नाही. त्या वेळी तो हातात येतो आणि त्या वेळी त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं, कारण फूल नाही. आणि ऑक्टोबरात सगळ्यांचं लक्ष जातं तेव्हा त्याला हात लावायची कोणाची इच्छा नसते, कारण फूल आहे. सगळी गोची इथंच आहे.

बी काय प्रकार असतो तेही जवळून बघण्यासारखं आहे. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर गुच्छ असतो, सूर्यफुलाच्या कुळात सगळ्यांचं असंच. मधे जी बारीक नळ्यांची गादी दिसते त्यातल्या एकेका नळीपासून एकेक बी. पाकळ्या गळाल्या की त्या जागी काळपट, लांब, टोकदार बियांचा काट्यासारखा गोळा उरतो, प्रत्येक बी साधारण दोन सेंटीमीटर, टोकाला दोन बारीक आकडे. नोव्हेंबरात त्या फोटोवाल्या जागेतून चालत या आणि घरी येऊन पायमोजे बघा. माझ्या भाचीची ओढणी एकदा तिथं अडकली होती, घरी येऊन तिच्यावरच्या बिया काढायला बसलो तर अर्धी वाटी भरली. ओढणीवर, कुत्र्याच्या अंगावर, शेळीच्या केसात, ट्रेकिंगच्या बॅगेवर, असा तो गावोगाव जातो. उरलेलं बी तिथंच पडतं, पाण्याबरोबर खाली वाहतं, आणि पुढच्या जूनची वाट बघतं.

मला एक गोष्ट कायम वाटते. आपल्या आधीच्या लोकांनी अशा पाहुण्यांना नावं किती नेमकी दिली बघा. लॅन्टानाला घाणेरी म्हणाले. रान मोडून काढते म्हणून रानमोडी. कुठंही तोडा, कसंही टाका, परत फुटतं म्हणून बेशरम. नावातच सूचना होती, पोराला सुद्धा कळायचं की हे आपलं नाही आणि चांगलंही नाही. कॉसमॉसला मराठीत नावच पडलं नाही. त्याला आपण एक तर इंग्रजीच नावाने बोलावतो, जे ऐकायला भारी वाटतं, नाहीतर त्याला सोनकीचं नाव देऊन टाकतो, म्हणजे ज्याचं घर त्याने घेतलं तिचंच नाव पण त्यालाच. हे मला फार लागतं. सोनकी ही पश्चिम घाटाची स्वतःची आहे, जगात इतरत्र अशी सापडत नाही. दहा-पंधरा वर्षांनी कॉसमॉसलाच सोनकी समजणारी एक अख्खी पिढी पुण्यात असेल आणि खरी सोनकी कमी झाली तरी कोणाला कळणार नाही, कारण त्यांच्या मते तर ती सगळीकडे फुललीय.

पुण्याला तर हे सगळं कळायला हवं होतं. गाजर गवत या देशात पहिल्यांदा ठळकपणे नजरेत आलं ते पुण्यातच, कचऱ्याच्या ढिगांवर उगवलेलं, आणि त्याची शास्त्रीय नोंद १९५६ साली छापून आली. अमेरिकेहून आलेल्या गव्हातून आलं असं लोक सांगतात, काँग्रेस गवत हे नाव त्यातूनच पडलं. त्या वेळी ती चार रोपं होती. आज काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत असा रस्ता दाखवा ज्याच्या कडेला ते नाही. शेतकऱ्याच्या हाताला खाज, मुलांना दमा, आणि शेवटी १९८०च्या दशकात मेक्सिकोहून त्याची पानं खाणारे भुंगे आणून सोडावे लागले, तरी गवत आहे तिथंच आहे. पण निदान गाजर गवताचा आपण राग तरी करतो. ते दिसायला चांगलं नाही, अंगाला लागलं की खाजवतं, म्हणून महापालिकेकडे तक्रारी जातात, सोसायटीत ते उपटायला माणूस लावतात. कॉसमॉस खाजवत नाही, शिंका आणत नाही, दसऱ्याच्या सुमारास नटून उभा राहतो. म्हणून त्याला माफ.

आणि माफ करण्याचा हा आपला पहिला प्रसंग नाही. घाणेरी आपल्याकडे शोभेचं झाड म्हणूनच आली, १८०९ मध्ये कोलकात्याच्या बागेत. आज देशातल्या वाघांच्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून जास्त भागात ती पसरलीय, चितळाला खायला गवत राहात नाही अशी अवस्था. जलपर्णीचं फूल पण किती सुंदर, जांभळं, मोरपिसासारखा डोळा असलेलं, ती पण लोकांनी हौसेनेच आणली, आणि आपण दर उन्हाळ्यात मुळा-मुठेतून, पाषाणच्या, कात्रजच्या तळ्यातून ती उपसत बसतो. टेकड्यांवरचं गिरिपुष्प आपणच लावलं, लवकर हिरवं होतं म्हणून, आणि आता फेब्रुवारीत त्याची गुलाबी फुलं आली की "पुण्याचं चेरी ब्लॉसम" म्हणून परत फोटो. त्याच्यावर वेगळं लिहावं लागेल.

आता कोणी म्हणेल, टेकडीवर होतं काय एवढं बिघडण्यासारखं? नुसतं गवत आणि दगड. हाच तर गैरसमज आहे. आपल्या टेकड्या घनदाट जंगलाच्या कधी नव्हत्याच. सह्याद्री ओलांडून ढग इकडे येईपर्यंत रिकामे होतात, वर मुरूम, त्यावर चार बोटं माती, तिथं गवत, मधे मधे खैर, हिवर, बाभूळ, पळस, तरवड, असंच रूप शेकडो वर्षांचं आहे. अलीकडच्या एका अभ्यासात तर जुन्या मराठी ओव्या आणि कथांमधले झाडांचे उल्लेख गोळा करून हेच दिसलंय, की त्या काळी सुद्धा हा मुलूख माळरानाचाच होता. या चार बोटं मातीत जूनच्या पहिल्या पावसाबरोबर काय काय वर येतं ते बघायला मात्र गुडघे टेकावे लागतात. भुईचक्र. काळी मुसळीची पिवळी चांदणी, अगदी मातीला टेकलेली. नभाळी, तेरडा, मग कुरडू, आणि नशीब असेल तर गवतात लपलेली कंदीलपुष्पाची वेल. यातल्या बऱ्याच जणांचं अख्खं आयुष्य तीन महिन्यांचं, उगवायचं, फुलायचं, बी किंवा कंद ठेवून गुडुप व्हायचं. त्यांना त्या तीन महिन्यांत ऊन लागतं. आणि नेमक्या त्याच तीन महिन्यांत कॉसमॉस त्यांच्या डोक्यावर दाट छत धरून उभा राहतो. तो कोणाला चावत नाही, पण ऊन अडवतो, एवढं पुरतं. कुसळी, मारवेल यांच्यासारखी गवतं पण सावलीत खुरटतात, आणि गवत गेलं की त्यात जमिनीवर घरटं करणारे चंडोल, लावे, तितर कुठं जाणार, त्यांना कोणी विचारलंय?

आमच्या भागात एक धनगर मामा मेंढ्या घेऊन यायचे. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना सहज विचारलं, मामा हल्ली इकडे दिसत नाही. ते त्या पिवळ्या उताराकडे हात करून म्हणाले, "ताई, समदं फूलच झालंय, चारा कुठाय?" मला वाटतं या विषयावर मी आजवर जे काही वाचलं त्यात या वाक्याच्या तोडीचं थोडंच होतं.

एक आक्षेप मात्र मी मनापासून घेते विचारात, कारण घेणारे लोक चांगले असतात. "त्यावर फुलपाखरं येतात, मधमाश्या येतात, मग वाईट कसं?" येतात, खरंय. मी स्वतः बघितलीयेत, भरपूर. पण फुलपाखरू फुलावर जेवायला येतं, ते मिळेल तिथं जेवतं. त्याचं पोर वाढतं ते पानावर, आणि ते पान ठरलेलं असतं. प्लेन टायगरच्या अळीला रुई लागते, लाइम बटरफ्लायच्या अळीला लिंबू, बेल अशा झाडांचीच पानं चालतात. आपल्या माळावरच्या छोट्या फुलपाखरांचंही तसंच, त्यांच्या अळ्या माळावरच्याच झाडा-झुडपांवर वाढतात. दीड महिना खानावळ जोरात चालली म्हणून गावातली घरं पाडलेली भरून निघत नाहीत.

दुसरा आक्षेप, "परकं म्हणून हाकलायचं का, मग मिरची, बटाटा, झेंडू पण हाकला." नाही, परकं असणं हा गुन्हाच नाही. झेंडू त्याच मेक्सिकोचा आणि त्याच कुळातला, दसऱ्याला त्याच्याशिवाय आपलं दार सजत नाही, आणि तो शेतात लावला तर शेतात राहतो. २०२३ साली या विषयावरचा जो मोठा आंतरराष्ट्रीय अहवाल आला त्यात जगभर ३७,००० हून जास्त प्रजाती माणसाने इकडच्या तिकडे नेल्याचं म्हटलंय, आणि त्यातल्या घातक ठरलेल्या ३,५०० हून थोड्या जास्त, म्हणजे साधारण दहात एक. प्रश्न पासपोर्टचा नाही, वागण्याचा आहे. कुंपणात राहतो का, की कुंपण ओलांडून जे दिसेल ते झाकत सुटतो, एवढंच बघायचं.

आणि आता जे सांगणार आहे ते सांगायला मला सोपं जात नाही. सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीतल्या मुलांना घेऊन आम्ही बीजगोळे केले होते. माती, शेणखत, आणि एका नर्सरीतून आणलेली "मिक्स रानफुलं" अशी पाकिटं. पाकिटावर फुलांचा सुंदर फोटो, नावं कुठंच नाहीत. मुलांनी किती उत्साहाने ते उतारावर भिरकावले होते. त्यातून जे उगवलं ते कॉसमॉस होतं. टेकडीवरचा सगळा कॉसमॉस काही आमच्यामुळे आला नाही हे मला माहितीये, पण त्या एका पट्ट्याकडे बघताना मला आजही कसंतरी होतं. हेतू चांगला असला तरी बी काय आहे हे बघितलंच पाहिजे हे मी तिथं शिकले, आणि म्हणूनच आता मागणी करायचा मला हक्क आहे असं मला वाटतं.

मागणी अशी की सार्वजनिक जागेत कॉसमॉस पेरणं बंद झालं पाहिजे. रस्त्याचा दुभाजक असो, नदीकाठ असो, उद्यानाची कड असो, हायवेचा उतार असो. स्वस्त पडतो, पाणी लागत नाही, दोन महिन्यांत फुलतो, म्हणून तो टेंडरवाल्यांना आवडतो हे समजू शकते मी, पण ज्या गुणांमुळे तो स्वस्त पडतो त्याच गुणांमुळे तो टेकडी गिळतो. ज्या शहराने जैवविविधता उद्यान म्हणून ९७६ हेक्टर टेकडीउतार आरक्षित ठेवायचा आग्रह धरला, त्या शहराने त्याच उतारांच्या पायथ्याशी हे बी टाकू नये एवढी अपेक्षा फार नाही. बियांच्या पाकिटावर झाडाचं खरं नाव छापलंच पाहिजे, नाव नसेल तर शाळांनी, सोसायट्यांनी, कंपन्यांच्या सीएसआरवाल्यांनी ते विकत घेऊ नये. आणि राडारोडा. हा विषय वेगळा वाटेल पण तो वेगळा नाहीये, कॉसमॉस पहिल्यांदा शिरतो तो उकरलेल्या, विस्कटलेल्या मातीत, रात्री डंपरने टाकलेल्या ढिगावर, नवीन रस्त्याच्या कापलेल्या कडेवर, आणि सांगायला वाईट वाटतं पण वृक्षारोपणासाठी खणलेल्या खड्ड्यांच्या भोवती सुद्धा.

टेकडीप्रेमी मित्रांना एक विनंती आहे, आणि मी ती त्यांच्यातलीच एक म्हणून करते. वेताळ टेकडीतून रस्ता नेणार म्हटल्यावर आपण सगळे उतरलो, बॅनर घेऊन चाललो, सह्या केल्या, सुनावण्यांना गेलो. ते बरोबरच होतं. पण रस्ता आला नाही आणि टेकडी मेक्सिकोच्या एका फुलाने भरून गेली तर आपण नेमकी कोणती टेकडी वाचवली? जूनमधे झाडं लावायला शंभर माणसं येतात, त्यातली वीस जरी जुलैच्या शेवटच्या दोन रविवारी उपटायला आली तर फरक पडेल. वनखात्याला विचारून, जागा वाटून घेऊन, आणि सोबत एक तरी माणूस असा ज्याला पानं ओळखता येतात, कारण उत्साहात चार आपलीच रोपं उपटली जातात, मी ते होताना पाहिलंय. उपटलेलं तिथंच मुळं वर करून उन्हात टाकायचं, पोत्यात भरून मिरवायचं नाही. आणि नोव्हेंबरात कोणी गवतकापणीचं मशीन घेऊन निघालं तर त्याला थांबवायचं, कारण तेव्हा कापणं म्हणजे पेरणं.

आम्ही पाच-सहा बायका आणि एक निवृत्त बॉटनीचे सर, असे मिळून तीन पावसाळे एकच तुकडा धरून बसलोय, साधारण बॅडमिंटनच्या दोन कोर्टांएवढा. पहिल्या वर्षी सगळा उपटला आणि पंधरा दिवसांत परत तेवढाच उगवला, रडूच यायचं बाकी होतं, सर म्हणाले मातीत जुनं बी आहे, ते संपेपर्यंत काढत राहायचं. दुसऱ्या वर्षी तो विरळ आला. यंदा ऑगस्टमधे तिथं कुरडू होता, कुसळी बऱ्यापैकी होती, आणि एका दगडाच्या कडेला नभाळीची सात रोपं, मी मोजली. त्या तुकड्याच्या वरचा सगळा उतार मात्र अजून पिवळा आहे, आणि पावसाचं पाणी तिथून आमच्याच तुकड्यावरून खाली जातं.